आठवड्यात दोन दिवस बिनखर्चाचे



बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त या विषयांवर आम्ही या पानांतून लिहीत असतो. या खेपेला विषय घरखर्चाचा घेतला आहे. ऊस विकास विभागाला घरखर्चात नाक खुपसायचे काय कारण, असे कुणी विचारील. कारण आहे. शिवारात फिरताना आम्हाला असे दिसते की खताचा हप्ता चुकतो तो माहिती नसल्यामुळे फार थोड्यांचा. बहुतेकांचा चुकतो तो नेमक्या त्या आठवड्यात हातात पैसा नसल्यामुळे. बिल तर आलेले असते, पण ते वाटेतच मुरलेले असते. पाट कच्चा असला म्हणजे विहिरीचे पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचत नाही, तसाच हा प्रकार.

बिल एकदा, खर्च रोज

नोकरदाराला पगार महिन्याला मिळतो. दूध घालणाऱ्याचे बिल बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी निघते. ऊसवाल्याचे तसे नाही. जुलै-ऑगस्टात लावलेली आडसाली लागण तुटायला १६ ते १८ महिने घेते. तेव्हा कुठे पैसा दिसतो. मग खात्यावर बिल जमा झाले की दीड-दोन महिने घरात सणासारखा हात सुटतो आणि पुढे वाण्याच्या वहीवर दिवस काढावे लागतात.

एक साधा हिशेब मांडू. समजा, सोसायटीची वसुली वजा जाता एका सभासदाच्या हाती १,८०,००० रुपये आले आणि पुढचे बिल बारा महिन्यांनी आहे. शेतीखर्चाला ६०,००० बाजूला काढले तर घराला १,२०,००० राहिले, म्हणजे महिन्याला दहा हजार. पण पहिल्या दोन महिन्यांत वीस-वीस हजार उडाले, तर उरलेल्या दहा महिन्यांना आठ-आठ हजारच येतात. मग शेतीसाठी ठेवलेल्या साठ हजारांना हात लागतो आणि खताचा हप्ता चुकतो तो इथे.

साठ रुपयांचे वजन

लग्न, बोअर, मोटरसायकल हे खर्च सगळ्यांच्या डोळ्यांत भरतात. किरकोळ खर्च कुणाच्या ध्यानात राहत नाही. स्टँडवरचा चहा, पान-तंबाखू, पोराला कुरकुऱ्याची पुडी, साबण आणायला गेले आणि सोबत आणलेले बिस्कीट-फरसाण. हे सगळे मिळून दिवसाला ६० रुपये धरा. वर्षाचे झाले २१,९००.

आता हे उसात मोजू. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. हिशेबापुरते हातात टनाला २,७०० रुपये पडले असे धरले, तर २१,९०० रुपये म्हणजे आठ टन ऊस झाला. तोही खत, पाणी आणि मजुरी न धरता. आठ टन ऊस वर्षभर चिल्लरीतून जातो आणि घरात कुणाला सांगता येत नाही की कशात गेला.

बिनखर्चाचा दिवस म्हणजे काय?

ज्या दिवशी घरासाठी एक रुपयाही बाहेर जात नाही, तो बिनखर्चाचा दिवस. घरात आहे त्यात भागवायचे, दुकानाची पायरी चढायची नाही. यात पळवाटा फार आहेत, म्हणून नियम स्पष्ट असावेत :

१. उधारी हा खर्चच आहे. वहीवर मांडून आणलेली साखर ही रोखीने आणलेल्या साखरेइतकीच महाग.

२. फोनवरून दिलेले पैसेही खर्चच. २०१६ साली यूपीआयची सोय आली आणि व्यवहार सोपा झाला. पण शंभराची नोट मोडताना हात थोडा तरी अडखळतो, फोनवर तो अडखळत नाही. बिनखर्चाच्या दिवशी रिचार्जसुद्धा करू नये.

३. दवाखाना, औषध, मुलांची फी, एसटीचे भाडे आणि रतीबाचे दूध यात धरायचे नाही. दुखणे अंगावर काढून पैसे वाचत नाहीत, उलट वाढीव जातात.

४. शेतीचा खर्चही धरायचा नाही. त्याची वही वेगळी ठेवावी. विशेषतः मजुराची मजुरी त्या नावाखाली थांबवू नये. आपला दिवस बिनखर्चाचा आणि त्याच्या घरी चूल थंड, हा हिशेब खोटा आहे.

फायदा कशात आहे?

कुणी म्हणेल, सोमवारी न घेतलेली वस्तू मंगळवारी घेतली तर वाचले काय? अगदी बरोबर. नुसता दिवस पुढे ढकलण्याला बचत म्हणत नाहीत. फायदा दोन ठिकाणी आहे.

पहिला, दुकानाची फेरी टळते. घरात साखर संपली म्हणून गेलेला माणूस नुसती साखर घेऊन परत येत नाही. फेऱ्या जितक्या कमी, तितका असा जादा माल कमी.

दुसरा, गरज आणि हौस वेगळी पडते. बिनखर्चाच्या दिवशी जे घ्यावेसे वाटले ते वहीत लिहून ठेवायचे. बाजाराच्या दिवशी यादी काढून पाहायची. मीठ, तेल, साबण यादीत राहतात. दोन-चार गोष्टी अशा निघतात की त्या कशाला हव्या होत्या हेच आठवत नाही. त्या खोडायच्या. ही खोडलेली रक्कम खरी बचत.

उसाचेच उदाहरण घ्या. उसाला आपण रोज पाणी देत नाही. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, हिवाळ्यात अठरा-वीस दिवसांनी पाळी येते. मधल्या दिवसांत जमिनीतल्या ओलीवर पीक जगते आणि मुळी खाली जाते. रोज पाणी सोडले तर जमीन चिबडते. घरखर्चालाही अशी पाळी हवी. आठवडी बाजार ही ती पाळी. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी घर भरलेले असते, म्हणून बिनखर्चाचे दिवस तिथून धरावेत. गुरुवारचा बाजार असेल तर शुक्रवार-शनिवार सोयीचे. बाजाराच्या आदल्या दिवशी हट्ट धरू नये, तेव्हा डबे रिकामे असतात आणि नियम मोडतो.

आता फळ पाहू. आठवड्यात दोन म्हणजे वर्षात १०४ दिवस. दिवसाला ६० रुपये खरोखर वाचले तर ६,२४० रुपये होतात. डीएपीचे पोते १,३५० रुपये आणि युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे धरली, तर एवढ्यात डीएपीची चार पोती आणि युरियाच्या तीन गोण्या येतात. आडसाली उसाला एकरी ६८ किलो स्फुरदाची शिफारस आहे. चार पोती डीएपीतून ९२ किलो स्फुरद मिळते. म्हणजे एका एकराची स्फुरदाची गरज भागून वर उरते.

भार कुणावर?

हे वाचून कारभारी घरी जाऊन कारभारणीला सांगतील, उद्यापासून खर्च बंद! तसे करू नये. स्वयंपाकघरातला खर्च बहुधा आधीच आवळलेला असतो. मुलांचे दूध, अंडी, डाळ कमी करून केलेली काटकसर दवाखान्यात बाहेर पडते. आधी कारभाऱ्यांनी आपल्या खिशातला खर्च महिनाभर लिहावा. स्टँडवरचा चहा बंद झाला तर घरचा चहा बंद करावा लागत नाही. पाहुणा आला तर त्याला चहा द्यावाच, घरातल्या साखर-पत्तीवर दिवस मोडत नाही. वही घरातल्या बाईच्या हाती असावी आणि सगळ्यांनी तिला खरे आकडे सांगावेत.

एवढ्याने सगळे भागेल का?

नाही. ज्याच्या घरी गाडीचा आणि सोन्यावरच्या कर्जाचा हप्ताच मिळकतीच्या निम्मा आहे, त्याचे ओझे चहा सोडून उतरणार नाही. त्याने बँकेत, सोसायटीत बसून हप्त्यांचा विचार करावा. ऐपतीबाहेरच्या लग्नखर्चालाही हा उपाय नाही. पण ज्याला रोजच्या साठ रुपयांचा हिशेब ठेवायची सवय लागली, तो साठ हजारांच्या खर्चाला होकार देताना चार दिवस थांबतो, एवढे नक्की.

सुरुवात कशी करावी?

पहिला महिना काहीही बंद करू नका, फक्त लिहा. दुसऱ्या महिन्यात आठवड्याला एक दिवस पाळा. तिसऱ्या महिन्यापासून दोन. पाळलेल्या दिवसावर भिंतीवरच्या कॅलेंडरात फुली मारा, हे काम घरातल्या पोरांना द्या, ती सूट देत नाहीत. एखादा वार मोडला तर दुसरा धरा. महिन्याअखेर खोडलेल्या वस्तूंची बेरीज करून तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका आणि त्या खात्याला खताचे खाते म्हणा. पैसा घरातच राहिला तर त्याला दुसरी वाट सापडते.

ज्या सभासदांनी हा प्रयोग तीन महिने केला, त्यांनी आपली वही गट ऑफिसात येऊन दाखवावी. माती परीक्षणाचा अहवाल आणि घराची वही शेजारी ठेवून पुढच्या लागणीचा खर्च बसवता येईल. त्या कामी आमचा विभाग आपल्यासोबत बसायला तयार आहे.