परदेशस्थ आपण आणि वर्णभेदाचा प्रश्न

परदेशी जाऊन आलेल्या माणसाकडून आपल्याकडे दोन गोष्टींची हमखास अपेक्षा असते. एक, तिकडच्या सुबत्तेचे वर्णन. आणि दुसरी, तिकडे आपल्या माणसाला सोसाव्या लागलेल्या अपमानाची एखादी हकीगत. दोन्ही आपण आवडीने ऐकतो. परंतु त्या अपमानाचा अर्थ काय, आणि तो सोसणाऱ्याने त्यातून काय शिकावे, इथपर्यंत आपली चर्चा सहसा पोचत नाही. आजच्या विवेचनात आम्ही एवढाच प्रश्न हाती घेणार आहोत. विषय हाताबाहेर जाऊ नये म्हणून उदाहरणे अमेरिकेपुरतीच घेऊ. मराठी माणूस तेथे मोठ्या संख्येने जाऊन राहिला आहे, आणि तेथील कायद्यांचा व खटल्यांचा इतिहास कोणालाही तपासून पाहता येतो.

देशात असताना आपल्यापैकी पुष्कळांना स्वतःच्या कातडीचा रंग आठवतो तो फार तर लग्न जुळविण्याच्या वेळी. परदेशात तोच रंग आपल्या आधी दारात जाऊन उभा राहतो. अशा वेळी माणसाला दोन उत्तरे सुचतात. पहिले उत्तर असे: 'तुम्ही ज्यांना हीन मानता त्यांच्यातला मी नाही, मला निराळा समजा.' दुसरे असे: 'त्यांच्यातलाच मी एक, तेव्हा कोणालाही हीन मानणेच आता सोडा.' अमेरिकेतील भारतीयांच्या शंभर वर्षांच्या इतिहासात ही दोन्ही उत्तरे दिली गेली आहेत. त्यांपैकी कोणते फळाला आले, हे पाहण्यासारखे आहे.

आधी पहिल्या उत्तराची कथा. १७९० च्या कायद्याप्रमाणे परदेशातून आलेल्यांपैकी फक्त 'स्वतंत्र गोऱ्या' माणसालाच अमेरिकेचे नागरिकत्व मिळू शकत असे. यादवी युद्धानंतर, १८७० साली, त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातून आलेला माणूस मात्र या दोन्ही कोठ्यांत बसत नव्हता. त्याला नागरिक व्हायचे तर आपण गोरे आहोत असे न्यायालयात सिद्ध करावे लागे. मग गोरा म्हणजे कोण?

१९२२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांच्या खटल्यात याचे एक उत्तर दिले. ओझावा वीस वर्षे अमेरिकेच्या भूमीवर राहिलेले, तेथेच शिकलेले, घरातही इंग्रजी बोलणारे. न्यायालयाने सांगितले, कातडी कितीही उजळ असली तरी गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि जपानी त्यात येत नाहीत. तीन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, त्याच न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्याचा निकाल दिला. थिंद १९१३ साली पंजाबातून गेलेले शीख; पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात त्यांनी नोकरी केली होती. त्यांच्या बाजूने सरळ हिशेब मांडण्यात आला. गोरा म्हणजे कॉकेशियन असे न्यायालयच म्हणते. उत्तर हिंदुस्थानातील लोक कॉकेशियन असे शास्त्रज्ञ म्हणतात. तेव्हा थिंद गोरे ठरतात.

युक्तिवाद येथे थांबला नाही. थिंद हे आर्य रक्ताचे, उच्च जातीचे 'हिंदू' आहेत, असे पुढे सांगण्यात आले. अमेरिकेतील गोरा काळ्याशी लग्नसंबंध करण्याकडे ज्या तिटकाऱ्याने पाहतो, त्याच तिटकाऱ्याने उच्चवर्णीय हिंदू आपल्या देशातील मूलनिवाशांशी संबंध करण्याकडे पाहतो, अशी जोडही देण्यात आली. म्हणजे आमची जात हाच आमच्या गोरेपणाचा दाखला! ज्या धर्मगुरूंनी जातीची उतरंड अमान्य केली, त्यांच्या एका अनुयायाच्या नावाने हे लिहिले गेले, हे लक्षात घेतले म्हणजे परक्या मुलखातल्या अगतिकतेची कल्पना येते.

निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड. ओझावांचा निकालही त्यांनीच लिहिला होता. या वेळी त्यांनी वंशशास्त्र बाजूला ठेवले. शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस हिंदी माणसाला गोरा समजत नाही, आणि कायद्याला सामान्य माणसाचीच समजूत प्रमाण, असा त्यांनी निर्णय दिला. नोव्हेंबरात शास्त्र प्रमाण होते, फेब्रुवारीत लोकरूढी प्रमाण झाली. दार कोणासाठी उघडायचे नाही हे आधी ठरलेले असले, म्हणजे कुलूप कोणते लावायचे हा तपशिलाचा प्रश्न राहतो.

या निकालाचे परिणाम कागदावर राहिले नाहीत. पूर्वी नागरिक झालेल्या हिंदी लोकांचे नागरिकत्व काढून घेण्याची मोहीम निघाली. नागरिकत्वास अपात्र ठरलेल्या परकीयांना कॅलिफोर्नियात शेतजमीन विकत घेता येत नसे. तो कायदा आता हिंदी लोकांनाही लागू झाला. वैष्णोदास बगाई हे १९१५ साली पत्नी कला व तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. बर्कली गावी त्यांनी घर घेतले, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना आत राहायला येऊ दिले नाही. १९२१ साली मिळालेले नागरिकत्व या निकालानंतर हिरावले गेले, आणि १९२८ साली, आपल्यावरील अन्यायाविषयी पत्र लिहून ठेवून, त्यांनी आत्महत्या केली. त्याच बर्कली शहराने २०२० साली एका रस्त्याला कला बगाई यांचे नाव देण्याचे ठरविले. न्याय झाला, पण त्याला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

थिंद यांना नावे ठेवणे सोपे आहे, आणि आम्हाला ते करावयाचे नाही. कायद्याने भिंतीला एकच फट ठेवली होती; बाहेर उभा असलेला माणूस तीतूनच शिरू पाहणार. परंतु 'मला तेवढे आत घ्या' या मागणीत 'बाकीच्यांना बाहेर ठेवा' ही संमती गृहीत असते. भिंत बरोबर आहे, फक्त मी चुकीच्या बाजूला आहे, एवढेच तिचे म्हणणे. आणि ज्याच्या हाती भिंत आहे, तो उद्या तिची जागा बदलू शकतो.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. हे उत्तर देणारे पहिले लोक विद्वान नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या हुगळी भागातून चिकनचे कापड घेऊन काही मुसलमान फेरीवाले अमेरिकेत जाऊ लागले. न्यू ऑर्लिन्स आणि पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, काळ्या लोकांच्या वस्तीत, त्यांना आसरा मिळाला. त्यांनी तेथेच लग्ने केली आणि तेथेच संसार थाटले. त्यांनी सिद्धान्त मांडला नाही. ज्यांनी जागा दिली त्यांच्यात ते राहिले.

कमलादेवी चट्टोपाध्याय यांची गोष्ट याहून बोलकी आहे. १९४१ च्या सुमारास त्या अमेरिकेच्या दक्षिण भागातून आगगाडीने प्रवास करीत होत्या. डब्यात बसण्यावरून तिकीट तपासनिसाने त्यांना हटकले. आपण परदेशी पाहुण्या आहोत असे सांगितले असते तर प्रसंग तेथेच मिटला असता, अशी चिन्हे होती. कमलादेवींनी ते सांगितले नाही. आपण वर्णाने काळ्यांतच मोडतो, आणि येथून उठणार नाही, असे त्यांनी सांगितले, आणि त्या उठल्या नाहीत. त्या काळी नुसत्या परदेशीपणाच्या सोंगाला किती किंमत होती, हे १९४७ साली जेसी रूटे या न्यूयॉर्कच्या काळ्या पाद्रीने दाखवून दिले. मोबील शहरी पूर्वी त्यांचा अपमान झाला होता. या वेळी ते डोक्याला फेटा गुंडाळून गेले, आणि सर्वत्र त्यांचे आदरातिथ्य झाले. माणूस तोच, रंगही तोच. फरक एका फेट्याचा. ज्या ढालीने रूटे यांनी वर्णभेदाचे हसे केले, तीच ढाल कमलादेवींनी हाती असून खाली ठेवली होती.

१९६४ च्या मे महिन्यात मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे डॉ. राममनोहर लोहिया यांना एका उपाहारगृहात वर्णामुळे प्रवेश नाकारला गेला. दुसऱ्या दिवशी ते सांगून-सवरून पुन्हा तेथे गेले, आणि पोलिसांनी त्यांना धरले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने दिलगिरी व्यक्त केली. पण एका पाहुण्याच्या मानापमानाचा हा प्रश्न लोहियांनी केलाच नव्हता. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, २ जुलै १९६४ रोजी, नागरी हक्कांचा कायदा झाला. योगायोग असा की, अठरा वर्षांपूर्वी, २ जुलै १९४६ रोजी, हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला अवघ्या १०० जणांचा प्रवेश देणाऱ्या कायद्यावर सही झाली होती. केवळ आपल्यापुरते मागून मिळाले ते एवढे! काळ्या जनतेच्या लढ्याने सर्वांसाठी मागितले, तेव्हा त्याच लाटेत ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत मोडणाऱ्या कायद्यावर सही झाली. आज अमेरिकेत असलेली बहुतेक मराठी घरे या दारातून आत गेली आहेत.

हा इतिहास माहीत नसला म्हणजे एक गैरसमज बळावतो. 'आम्ही खिशात चार डॉलर घेऊन आलो आणि कष्टाने वर आलो. मग यांना का जमू नये?' हे वाक्य परदेशस्थांच्या बैठकीत ऐकू येते. कष्ट खरे आहेत. पण १९६५ च्या कायद्याने आप्तांखेरीज ज्यांना प्राधान्य दिले ते डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ होते. म्हणजे आधी चाळणी लागली आणि मग धान्य मोजले गेले. शिवाय त्यांपैकी अनेकांच्या शिक्षणाचा खर्च येथल्या करदात्याने सोसलेला. उलट, काळ्या कुटुंबांची स्थिती पाहा. १९३४ पासून अमेरिकी सरकार घरासाठीच्या कर्जांना हमी देऊ लागले, परंतु काळ्यांच्या वस्त्या धोक्याच्या ठरवून तेथील कर्जांना ती नाकारली जाई. सामान्य कुटुंबाची पुंजी म्हणजे त्याचे घर. तीच दोन पिढ्या साठू दिली नाही. घरांच्या व्यवहारातील भेदभावाला १९६८ साली कायद्याने बंदी झाली, आणि आपले लोक मोठ्या संख्येने पोचले ते त्यानंतर. बगाईंना जे दार बंद होते ते आपल्याला उघडे सापडले. ते उघडताना मार खाणारे हात दुसऱ्यांचे होते.

येथपर्यंत आपण ऋणाची गोष्ट केली. आता अधिक अवघड गोष्ट. परदेशात वर्णभेदाचा चटका बसल्यावर पुष्कळांना जन्मावरून हीन ठरणे म्हणजे काय ते प्रथमच कळते. पण आपल्याच देशातील कोट्यवधींना ते कळण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचा अनुभव नेमका उलटा होता. परदेशातील वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू होताच ती परत आली. राहायला जागा मिळेना, आणि जेथे मिळाली तेथून त्यांना हाकलण्यात आले. एकाच प्रवासात एकाला ओझे प्रथम जाणवते, आणि दुसऱ्याचे ओझे प्रथम उतरते. हा फरक अमेरिकेने निर्माण केलेला नाही. तो आपण येथूनच बरोबर नेतो.

वर्ण आणि जात एकच आहेत, असे आमचे म्हणणे नाही. जात वंशावरून पडलेली नाही, हे बाबासाहेबांनीच आग्रहाने मांडले. परंतु दोहोंची यंत्रणा सारखी चालते. १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म स्वजातीतच विवाह करण्याच्या बंधनात दाखविले. आणि अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांच्या विवाहावरील बंदी १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द करीपर्यंत सोळा राज्यांच्या कायद्यात होती. आधी लग्न, मग वस्ती, मग धंदा, अशी कुंपणे दोन्हीकडे घातली गेली. म्हणूनच १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे त्यांच्या लोकांनी केलेल्या अर्जाची प्रत मागविली. त्याही आधी, १८७३ साली, कधी अमेरिकेला न गेलेल्या जोतीराव फुल्यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. येथल्या लोकांनी तो कित्ता गिरवावा, ही त्यामागची इच्छा. पुण्यात राहून त्यांना जे दिसले, ते पुष्कळांना तेथे राहूनही दिसत नाही.

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिअ‍ॅटल शहराने भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. आणि हा ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. कॅलिफोर्नियात तशाच विधेयकावर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात राज्यपालांनी, प्रचलित कायदा पुरेसा आहे असे म्हणून, सही नाकारली. या प्रश्नावर तेथील भारतीय समाजात दोन तट पडले. साऱ्या समाजाकडे संशयाने पाहिले जाईल, ही विरोधकांची भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण वर्णभेदाविरुद्ध कायदा झाला तेव्हा 'आमच्याविषयी संशय का?' असे अनेक गोऱ्यांनीही विचारले होते, आणि त्याच कायद्याचे संरक्षण आज आपण घेतो. जे माप आपण इतरांना लावले, ते आपल्याला लागले म्हणजे खोटे ठरत नाही.

तेव्हा परदेशी राहणाऱ्याने करावे काय? फार मोठ्या गोष्टी नाहीत. घर शोधताना 'चांगली वस्ती' या शब्दांत दलालाने काय सुचविले ते ओळखावे. जेवणाच्या पानावर शेजारच्या काळ्या कुटुंबाविषयी आपण कोणते शब्द वापरतो ते ऐकावे, कारण मुले ते ऐकतच असतात. मंडळाच्या कार्यक्रमात नव्याने आलेल्याचे आडनाव विचारताना आपल्याला खरोखर काय जाणून घ्यायचे आहे, हे मनाशी तपासावे. आणि मुलांच्या लग्नाचा विषय निघाला की आपली न्यायबुद्धी किती पावले टिकते, ते मोजावे. अपमान झाल्यावर न्याय मागणे सर्वांनाच जमते. मागितलेला न्याय आपल्या घरात, आपल्यापेक्षा खालच्या मानलेल्याला देता आला, तरच परदेशातील ते सोसणे कारणी लागले, असे म्हणता येईल.