स्पॅनिशसाठी बोलेरो

स्पॅनिश शिकताना शब्दांच्या याद्या घोकून कंटाळा आला, तर बोलेरो ऐकावेत. संथ लयीची ही प्रेमगीतं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्युबात जन्मली, मेक्सिकोत बहरली आणि २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. सुरुवात ‘लोस पांचोस’ या त्रिकुटापासून करावी. १९४४ मध्ये न्यू यॉर्कमध्ये जमलेल्या या मंडळींच्या गाण्यात शब्द न् शब्द सुटा ऐकू येतो.

शब्दसंग्रह तसा आटोपशीर. कोरासोन (हृदय), आल्मा (आत्मा), ओल्विदो (विसर), आउसेन्सिया (विरह) पुन्हा पुन्हा भेटतात आणि आपसूक पाठ होतात. खरी कमाई व्याकरणाची. मेक्सिकोच्या कोन्सुएलो वेलास्केस यांच्या ‘बेसामे मूचो’चं नुसतं शीर्षक घ्या. ‘बेसा’ म्हणजे चुंबन घे. ‘मे’ म्हणजे मला किंवा माझं. आज्ञार्थात हे सर्वनाम क्रियापदाला मागून चिकटतं. साध्या विधानात मात्र ते आधी येतं, ‘मे बेसा’, आणि नको म्हणायचं झालं तरी आधीच: ‘नो मे बेसेस’. प्रेमात आर्जवं नि नकार दोन्ही भरपूर, त्यामुळे सरावाला तोटा नाही!

अर्थात, एवढ्या भांडवलावर बाजारात कांदे मागता येणार नाहीत. शिवाय यमकासाठी गीतकार शब्दक्रम सर्रास उलटापालटा करतात, म्हणून गाण्यातलं वाक्य जसंच्या तसं बोलण्यात वापरू नये. पोर्तो रिकोचं रेगेतोन नंतर ऐकावं. तिथल्या उच्चारात अक्षराच्या शेवटचा ‘स’ बऱ्याचदा गिळला जातो.