व्हिएन्नाचा चित्रकार मुंबईच्या पावसात

सैयद हैदर रझांचे सुरुवातीचे मुंबईचे जलरंग आवडतात ना? मग वॉल्टर लँगहॅमर हे नाव माहीत असायलाच हवं.

हा व्हिएन्नात शिकलेला ऑस्ट्रियन चित्रकार. पत्नी केटी ज्यू. 1938 साली हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर दोघं मुंबईत आले. लँगहॅमर 'टाइम्स ऑफ इंडिया'त कलासंचालक झाले.

युरोपातल्या चित्रकाराला मुंबईचा पावसाळा म्हणजे परीक्षाच. कॅनव्हासला रंगाआधी सरसाचा हात देतात. दमट हवेत सरस पाणी शोषून फुगतो, कापड ढिलं पडतं, हवा कोरडी झाली की पुन्हा ताणलं जातं. या ओढाताणीत रंगाच्या थराला भेगा जातात. शिवाय सरस म्हणजे बुरशीला मेजवानी! जलरंगाच्या कागदावर तपकिरी ठिपके उठतात ते वेगळेच. आजही आपल्याकडे चित्र बाहेरच्या ओलसर भिंतीला चिकटवून टांगू नये म्हणतात ते यासाठीच. मागून हवा खेळती हवी.

लँगहॅमर मात्र इथे नुसते टिकले नाहीत, रमले. नेपियन सी रोडवरच्या त्यांच्या घरी तरुण चित्रकारांचा राबता असे: रझा, आरा, हुसेन. ते चित्रांवर परखड बोलत, युरोपीय कलेची पुस्तकं दाखवत. या तरुणांच्या 1947 च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं श्रेय लँगहॅमरना देणं अतिशयोक्ती ठरेल, पण त्या मुलांना पाठबळ मिळालं ते लँगहॅमर, समीक्षक रुडी फॉन लायडन आणि संग्राहक श्लेसिंगर यांच्याकडून. तिघंही युरोपातून इथे आलेले!

1957 मध्ये लँगहॅमर दांपत्य लंडनला गेलं.