सँड्रा डे ओकॉनर (१९३०–२०२३)
ॲरिझोनातल्या ‘लेझी बी’ या गुरांच्या रँचवर वाढलेल्या सँड्रा १९५२मध्ये स्टॅनफर्डमधून कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा बाई म्हणून त्यांना वकिलीची नोकरी कुणी देईना. एका नामांकित फर्मनं तर टायपिंग येतं का, असं विचारलं. अखेर कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओ काउंटीच्या सरकारी वकील कार्यालयात त्यांनी सुरुवातीला बिनपगारी काम पत्करलं. ही चिकाटी पुढच्या सगळ्या मानसन्मानांहून मोठी वाटते.

१९८१मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्यांचं नाव सुचवलं, सिनेटनं ते ९९ विरुद्ध ० मतांनी मंजूर केलं आणि अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाला पहिली महिला न्यायमूर्ती मिळाली. विभागलेल्या न्यायपीठात अनेकदा त्यांचंच मत निर्णायक ठरे. नेमणूक रिपब्लिकन अध्यक्षांची, तरीही १९९२च्या ‘केसी’ खटल्यात गर्भपाताच्या हक्काचा गाभा राखणाऱ्या निकालाच्या त्या सहलेखिका होत्या. न्यायालयानं तो निकाल २०२२मध्ये, त्यांच्या हयातीतच, मोडीत काढला.

अल्झायमर जडलेल्या पतीसाठी त्यांनी २००६मध्ये पद सोडलं. नंतर मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारी ‘आयसिव्हिक्स’ ही संस्था उभारली. १ डिसेंबर २०२३ रोजी फिनिक्समध्ये त्यांचं निधन झालं.