घोडा स्वस्त का आहे?

नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी येतात. देखण्या घोड्यांचे लाखोंचे आकडे बातम्यांत येतात. पण हौसेने पहिला घोडा घेणारा माणूस बहुधा कडेला बांधलेल्या, निम्म्या भावाच्या घोड्यापाशी थांबतो. त्याने भाव करण्याआधी एवढंच शोधून काढावं, की हा स्वस्त का आहे?

कधी कधी कारण घोड्याच्या तब्येतीत नसतंच. डोळ्याखाली केसांचा भोवरा असला की घोडा ‘आसूढाळ’ ठरतो, मालकाला रडवणारा म्हणून त्याचा भाव पडतो. गळ्यावरचा ‘देवमण’ मात्र शुभ, आणि चारही पाय व कपाळ पांढरं असलेल्या पंचकल्याणीला मान. भोवऱ्याने ना पाय दुखतो ना धाप लागते. अशा ठपक्यापायी स्वस्त झालेला निरोगी घोडा मिळाला तर जरूर घ्यावा. पुढे विकताना तोच ठपका आपल्यालाही नडेल, इतकंच लक्षात ठेवावं.

वयाबद्दल तोंडी हमीवर जाऊ नये, जबडा उघडून बघावा. अडीच वर्षांच्या सुमाराला पुढचे मधले दुधाचे दात पडून कायमचे येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. खालच्या दातांवरचे खळगे साधारण सहा ते आठ वर्षांत झिजून जातात. पुढे वरच्या कडेच्या दाताकडे बघायचं: दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीलगत गडद खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती अर्ध्यावर येते, विसाव्या वर्षी टोकाला पोचते. म्हाताऱ्या घोड्याच्या दातांत खळगे कोरून त्याला तरुण ठरवण्याची लबाडी जुनीच आहे. पण वयाबरोबर दात पुढे तिरपे होत जातात, तो तिरपेपणा कोरून लपत नाही. अर्थात हा सगळा अंदाज असतो. चाऱ्याप्रमाणे झीज कमीजास्त होते. आणि केवळ वय जास्त म्हणून घोडा सोडू नये. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षं सहज जगतो. नवशिक्याला बुजऱ्या शिंगरापेक्षा बारा-चौदा वर्षांचा शांत घोडा कितीतरी बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी परीक्षा पायांची. ढोलाच्या तालावर घोडा किती छान नाचतो यावर जाऊ नका. त्याला वाळूतून काढून कडक, सपाट रस्त्यावर न्या आणि सैल दोरीने सरळ रेषेत दुलकी चालवायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर उडतं आणि चांगला पाय टेकताना खाली जातं. दोरी आखूड धरली की हे झाकलं जातं, म्हणून ती सैल सोडायला लावायचीच. मग गुडघ्याखाली, पायाच्या मागच्या बाजूने बोटं फिरवा. तिथली दोरीसारखी शीर दोन्ही पायांत सारखी, घट्ट आणि थंड लागली पाहिजे. एका पायात ती फुगलेली किंवा गरम लागली, तर तो पाय केव्हातरी दुखावला आहे असं समजा. पुण्या-मुंबईच्या शर्यतींतून निवृत्त झालेले उमदे थरोब्रेड कमी भावात मिळतात, ते अनेकदा याच दुखण्यामुळे. खुरांवर टाचेकडे रुंद होत जाणारी वलयं असतील आणि घोडा पुढचे पाय लांब ठेवून, भार मागे टाकून उभा राहत असेल, तर खुराच्या आतली सूज जुनी आहे. तो घोडा नको.

वेदनाशामक देऊन लंगडेपणा दिवसभर झाकता येतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी, न कळवता, पहाटे जावं. घोडा अजून ठाणावर असताना त्याच्याजवळ जाऊन बघावं. मालक आधीच त्याला फिरवून, घामाघूम करून तयार ठेवत असेल, तर त्याला काहीतरी लपवायचं आहे. पुढचे दात समोरच्या कडेला विचित्र झिजलेले दिसले, तर घोडा लाकडाला दात लावून हवा ओढणारा असतो; ही खोड सहसा सुटत नाही.

किमतीत वाचलेले पैसे चाऱ्यात लवकर जातात. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज सात-आठ किलो सुका चारा आणि चंदी लागते, सहा-आठ आठवड्यांनी नालबंद लागतो, आणि हा खर्च लाखाच्या घोड्याला जेवढा तेवढाच वीस हजारांच्या घोड्यालाही.

सगळं जमलं तरी घोडा लगेच गाडीत चढवू नका. आधी पशुवैद्याकडून रक्ताचा नमुना घेऊन ग्लँडर्सची तपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही, आणि रोगी ठरलेल्या घोड्याला नाइलाजाने मारावं लागतं. घोडा वरून धडधाकट दिसत असतानाही हा रोग त्याच्या अंगात असू शकतो. अहवाल येईपर्यंत घोडा विकणाऱ्याकडेच राहू द्या, आणि घरी आणल्यावरही दोन-तीन आठवडे आपल्या इतर जनावरांपासून वेगळा, वेगळ्या बादलीने पाणी पाजून ठेवा.