तहलका आणि मुंबईची पेढी

सत्ताधारी भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष बंगारू लक्ष्मण नोटांची गड्डी घेऊन खणात टाकतात, हे दृश्य आपल्या पिढीला पाठ आहे. मला मात्र त्या चित्रफितीपेक्षा तिच्यानंतरच्या कागदांनी वर्षानुवर्षं धरून ठेवलं आहे : चौकशी आयोगाची कार्यकक्षा, शेअर बाजाराची नियामक सेबी हिचे आदेश, उलटतपासणीच्या बातम्या. वेबसाइट कशी वर येते हे चित्रफीत सांगते, ती कशी मरते ते हे कागद सांगतात.

तरुण तेजपाल आणि अनिरुद्ध बहल यांनी २००० साली तहलका डॉट कॉम काढलं. क्रिकेटमधल्या सामनानिश्चितीवर छुपा कॅमेरा लावून नाव कमावलं आणि १३ मार्च २००१ रोजी ‘ऑपरेशन वेस्ट एंड’ बाहेर काढलं. लंडनची एक कंपनी, जी मुळात नव्हतीच, ती लष्कराला अंधारात उष्णतेवरून माणूस टिपणारे कॅमेरे विकू पाहतेय, एवढाच बनाव. सत्ताधारी पक्षाच्या अध्यक्षांनी त्यावर एक लाख रुपये घेतले. ते गेले, पाठोपाठ संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिसही गेले आणि ऑक्टोबरात परतही आले.

छापखाना नको, कागद नको, पहाटेचे विक्रेते नकोत. इंटरनेटवर बातमी देणं स्वस्त होतं. पण शंभराहून अधिक माणसांचे पगार स्वस्त नव्हते. त्यासाठीचा पैसा मुंबईच्या फर्स्ट ग्लोबल या दलाल पेढीनं घातला होता. शंकर शर्मा आणि देविना मेहरा या जोडप्याच्या या पेढीचा तहलकात सुमारे साडेचौदा टक्के वाटा होता.

सरकारनं न्या. के. वेंकटस्वामी यांचा चौकशी आयोग नेमला. संरक्षण खरेदीत लाच घेतली गेली का, हे तपासणं ओघानं आलंच. पण कार्यकक्षेत आणखी एक कलम होतं : हे आरोप कसे तयार झाले, कसे प्रसिद्ध झाले, त्याच्या सर्व अंगांची चौकशी. माझ्या मते तहलकाचा घात या एका ओळीनं केला. तिच्यामुळे लाच घेणाऱ्यांच्या शेजारी बातमीदारही आरोपीसारखे उभे राहिले आणि त्यांना पैसा कुणी दिला, हाच मोठा प्रश्न झाला.

पेढीला बातमीची आधीच कुणकुण होती, म्हणून तिनं शेअर विकून बाजार पाडला, असा संशय घेतला गेला. वास्तविक त्या मार्चमध्ये दलाल केतन पारेखच्या घोटाळ्यानं बाजार कोसळतच होता. एप्रिलमध्ये सेबीनं पेढीचा व्यवसाय थांबवला. प्राप्तिकराच्या धाडी पडल्या. डिसेंबर २००१ मध्ये शर्मांना अटक झाली आणि दोन महिन्यांहून अधिक काळ ते तुरुंगात राहिले. सेबीचा आदेश पुढे अपील न्यायाधिकरणानं रद्द केला, पण तोवर व्यवसाय बसला होता. पैसा आटला तसं तहलकाचं कार्यालय ओस पडलं.

तहलकाची बाजू सगळी धुतल्या तांदळासारखी नव्हती. या मोहिमेत तिच्या बातमीदारांनी लष्करी अधिकाऱ्यांसाठी वेश्या पुरवल्याचं ऑगस्ट २००१ मध्ये उघड झालं. त्याचं समर्थन मी करू शकत नाही. पण त्यासाठी गुंतवणूकदाराला तुरुंगात टाकायचं कारण नव्हतं. आयोगाचं तर काहीच धड झालं नाही : वेंकटस्वामी २००२ मध्ये बाजूला झाले, न्या. फुकन आले आणि २००४ मध्ये नव्या सरकारनं आयोगच गुंडाळून प्रकरण सीबीआयकडे दिलं.

त्याच वर्षी तहलका वाचकांच्या आगाऊ पैशांवर साप्ताहिक म्हणून उभं राहिलं. मला या कहाणीतलं सर्वांत सुंदर पान हेच वाटतं. पण काही वर्षांत मोठा वाटा राज्यसभेचे खासदार के. डी. सिंग यांच्या समूहाकडे गेला. पुन्हा एकच थैली. नोव्हेंबर २०१३ मध्ये गोव्यात तेजपालांवर सहकारी महिलेनं बलात्काराचा आरोप केला (म्हापशाच्या न्यायालयानं २०२१ मध्ये त्यांना निर्दोष सोडलं, गोवा सरकार अपिलात गेलं) आणि उरलीसुरली पतही गेली.

लक्ष्मण यांना २०१२ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं चार वर्षांची शिक्षा सुनावली. बातमी खरी होती, पण ती देणारी वेबसाइट एकाच थैलीवर उभी होती. म्हणून सांगतो : तुम्ही रोज फुकट वाचता त्या वेबसाइटनं वर्गणी मागितली, तर कृपा करून ती द्या.