शिवणीवरची वाफ

मशीन थांबतं. मावशी कापड सोडवून घेतात, धागे कातरतात आणि स्टुलावर बसल्या बसल्याच उजवीकडे वळतात. मशीनला लागून एक रुंद पाट मांडलेला आहे. त्यावर घोंगडीची दुहेरी घडी, तिच्यावर जुन्या धोतराचं ताणून बसवलेलं कापड. पाटाच्या टोकाला वाफेची छोटी इस्त्री उभी आहे. हाताच्या पंज्यापेक्षा जेमतेम मोठी, टोकाला निमुळती. उठायचं नाही, दुसऱ्या खोलीत जायचं नाही. हात लांबवला की इस्त्री.

सदाशिव पेठेतल्या वाड्याचा पहिला मजला. तुळशीचं लग्न नुकतंच झालंय, लग्नसराई सुरू झालीय, त्यामुळे खुंटीखुंटीवर नावांच्या चिठ्ठ्या टाचलेल्या पिशव्या लटकताहेत. आत्ता मशीनवर आहे तो माझ्या भाचीचा ब्लाउज: जांभळा खण, प्रिन्सेस कट, बाहीला काठ.

पुढच्या भागाचे दोन तुकडे नुकतेच जोडले गेलेत. मावशी शिवण उघडत नाहीत. आधी ती मिटलेली असतानाच तिच्यावर इस्त्री टेकवतात. टेकवतात, उचलतात, पुढे ठेवतात, पुन्हा टेकवतात. घासणं अजिबात नाही. घरी चादरीवर फिरवतो तशी इस्त्री इथे फिरवली तर तिरका कापलेला भाग ओढला जातो, आणि एकदा ताणलेला मुंढा पुन्हा मापात येत नाही. या पहिल्या दाबाने टाके कापडात बसतात. मग कातरीच्या टोकाने वळणावर बारीक चिरा दिल्या जातात आणि शिवण फोडायची वेळ येते.

त्यासाठी पाट उपयोगाचा नाही. छातीवरची शिवण गोल आहे, सपाट पाटावर दाबली की तिचा गोलावाच मोडेल. मावशी मांडीशेजारून एक लांबट उशी उचलतात. चिंध्या ठासून भरलेली, बोटाने दाबली तरी न दबणारी. शिवण उशीच्या उतारावर ठेवून त्या डाव्या हाताने दोन्ही बाजूंचा दाब, म्हणजे शिवणीबाहेर उरलेलं कापड, उघडत जातात आणि उजव्या हातातली इस्त्री बोटांमागून सरकत येते. टोक बरोबर शिवणीच्या ओळीत. वाफेचं बटण दाबलं जातं, फुस्स आवाज होतो, ओल्या कापडाचा वास पसरतो. मघापर्यंत दोन तुकडे होते. आता उशीवरून उचललेल्या कापडाला अंगाची गोलाई आली आहे. मला या साऱ्या कामातली हीच जागा सगळ्यात थोर वाटते. सपाट कापडातून शरीर उभं राहतं ते सुईने निम्मं, उरलेलं इस्त्रीने.

शिकाऊ मुलगी तो तुकडा घ्यायला हात पुढे करते.

"राहू दे गं. गार होऊ दे."

"मावशी, अजून बाह्या बाकी आहेत."

"असू देत. गरम उचललंस तर पुन्हा मिटेल."

मुलगी थांबते. मावशी शिवणीवर एक गुळगुळीत लाकडी ठोकळा दाबून धरतात. वाफेची ओल सुताच्या तंतूंत शिरते आणि आतली बारीक बंधनं सैल करते. कापड सुकून गार होताना ती नव्या जागी पुन्हा जुळतात. म्हणजे इस्त्री उचलल्यानंतरचे हे थोडे क्षणही इस्त्रीचेच. ठोकळा उष्णता धरून ठेवतो, ओल शोषतो आणि घडी पक्की करतो.

"सगळं शिवून झाल्यावर एकदाच लाँड्रीत दिलं तर?" मुलगी विचारते. तिचा प्रश्न खरा आहे; घाई सगळ्यांनाच आहे.

"अस्तर लागल्यावर आतली शिवण उघडणार कुठून? आणि न फोडलेल्या शिवणीवर दुसरी शिवण आडवी गेली की गाठ येते. ती गाठ बगलेत टोचते, बाळ. घालणारीला कळतं, आपल्याला नाही."

एक शिवण ओलांडण्याआधी ती दाबलेली असली पाहिजे, हा इथला नियम आहे. इस्त्री लांब असती तर लग्नसराईत हा नियम रोज मोडला गेला असता, हे मला पाटाकडे बघताना पटतं. मावशींचं मशीन काळं, पायाचं, जुनं आहे. आयझॅक सिंगरचं शिवणयंत्राचं पेटंट 1851 चं आणि विजेच्या इस्त्रीचं हेन्री सीलीचं पेटंट 1882 चं. टाके भराभर पडू लागले तरी शिवण फोडायला शिंपी कितीतरी काळ निखाऱ्यांवरच अवलंबून होते. कोळशाची जड इस्त्री मांडीशेजारी ठेवून खणाची बगल दाबण्याची कल्पना करून बघावी. ठिणगी, राख आणि रेशीम एकाच पाटावर!

बाहीची पाळी येते. त्याआधी मावशी खणाच्या कडेचे दोन धागे उसवतात, एक उभा, एक आडवा, आणि काडी पेटवून चिमट्यात जाळतात. आडवा धागा कागदासारखा जळतो, मऊ राख पडते. उभ्याला जळक्या केसांचा वास येतो. "रेशीम आणि सूत," त्या म्हणतात. "ताई, आजकाल जाळून बघावं लागतं. नायलॉनचं असेल तर मणी होतो." कपड्यांवरच्या लेबलांत इस्त्रीच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त 110 अंश सेल्सिअस, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. खणाला असं लेबल कुठलं? इथे लेबलाचं काम जळका वास करतो. पुढचा भाग मघाशी ज्या दोन ठिपक्यांवर झाला, इस्त्रीची चकती तिथेच राहते. त्याहून खाली नेली तर पाण्याची वाफ होत नाही, भोकांतून थेंब गळतात आणि रेशमावर डाग राहतो.

काठात जर आहे. आजच्या बऱ्याच जरीत प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, तो उष्णतेने आक्रसतो. म्हणून काठ उलट्या बाजूने, वर मलमलचा तुकडा ठेवून दाबला जातो, तोही क्षणभरच. मग बाहीची लांब शिवण. मावशी एक लाटणं काढतात, जाड कापडात गुंडाळलेलं, आणि ते बाहीच्या नळीत सारतात. इस्त्री लाटण्याच्या माथ्यावर फक्त शिवणीला टेकते. दाबाच्या कडा दोन्हीकडून खाली उतरलेल्या, त्यामुळे सुलट बाजूवर त्यांची रेघ उमटत नाही. मी बाही उजेडाकडे धरून बघते. रेघ नाहीच.

टाकी एवढीशी आहे, पुन्हा भरावी लागते. पाणी उकळून गार केलेलं. बोअरचं तसंच घातलं तर क्षार भोकांत बसतात आणि एखाद्या दिवशी गडद कापडावर पांढुरके ठिपके फेकले जातात. मुलगी प्लगचं बटण बंद करते, मगच पाणी ओतते. हे तिला सांगावं लागत नाही.

दुसरी बाही मावशी तिच्याकडे देतात. ती लाटणं सारते, टेकवते, उचलते, पुढे ठेवते. शेवटी हात मागे घेऊन थांबते. मावशी बोट लावून बघतात. "जोड आता मुंढ्याला."

ब्लाउज हुका लावायला बाजूला जातो. पुढची पिशवी सुती कुडत्याची. सकाळी जॉर्जेट झालं, मग खण, आता सूत. इस्त्री तापते लवकर, निवते उशिरा, म्हणून कामं याच क्रमाने लागतात. मावशी चकती तीन ठिपक्यांवर नेतात आणि कळीच्या कडा जुळवायला घेतात.